आठल्येसरांचं 'नको'

"अतिदक्षता विभागातली ही जागा आम्ही तुम्हाला देऊ इच्छितो," पडद्यावरच्या त्सीग्लरबाई म्हणाल्या. "त्या जागेबरोबर दोन खोल्यांचं घर मिळतं. म्हणजे मुलीलाही तुम्ही आणू शकाल. चालेल ना?"

मुलाखत जर्मनमध्ये चालली होती आणि सलोमी लोंढेला त्यातला शब्द न् शब्द कळला होता. मिरजेच्या एका खाजगी इस्पितळातली नर्सची नोकरी सांभाळून गेलं वर्षभर ती या एकाच प्रश्नाची वाट पाहत होती. नवरा आखातात गेला तो तिकडचाच झाला होता. घरात म्हातारी आई आणि सहा वर्षांची इवा. जर्मनीतल्या त्या नदीकाठच्या गावात इवाला घेऊन जायचं, तिला तिथल्या शाळेत घालायचं, एवढं एकच स्वप्न घेऊन ती रोज कामावरून थेट जर्मनच्या वर्गाला येत आली होती.

तिने तोंड उघडलं. आणि तिच्याच आवाजात, अतिशय सफाईदार जर्मनमध्ये ती म्हणाली, "नको, नको, इतकं कशाला? मला एक खोली पुरे झाली. मुलगी राहील की तिच्या आजीकडे. आणि त्या विभागासाठी माझ्याहून लायक कुणी असेल तर आधी त्यांना विचारा."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. हे कोण बोललं? सावरून घ्यायला ती घाईघाईने पुढे झाली, "म्हणजे मला म्हणायचं होतं की..." आणि पुढचं वाक्य आपोआप आलं, "तुम्हाला माझ्यामुळे उगीच त्रास नको."

त्सीग्लरबाईंनी चष्मा काढला. जर्मनीतल्या त्या इस्पितळात त्या परिचारिकांच्या प्रमुख होत्या. सरळ विचारायचं आणि सरळ उत्तर ऐकायचं, एवढीच त्यांना सवय. "तुमच्या इच्छेचा आम्हाला आदर आहे," त्या जरा खिन्नपणे म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

'हो'ला जर्मनमध्ये काय म्हणतात हे शाळेतलं पोरही सांगेल. एका अक्षराचा तर शब्द. तो सलोमीच्या जिभेवर होता, पण जीभ तिकडे वळलीच नव्हती.

बाहेर पायरीवर तिची वर्गातली मैत्रीण दिलशाद इवाला घेऊन बसली होती. खिडकी उघडी होती. घरी भाकऱ्या थापताना सलोमी मोठ्याने जर्मनचा सराव करायची, त्यातून इवाला चार शब्द येऊ लागले होते. मुलगी, आजी, हो, नाही. एवढे पुरेसे होते.

"मम्मी," इवा म्हणाली, "तू मला आजीकडे ठेवून जाणार?"

दिलशादने सलोमीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मीपण नाहीच म्हणाले गं," ती पुटपुटली. "का म्हणाले, खुदाला ठाऊक."

*

आठल्येसरांच्या जर्मनच्या वर्गाची रीत सांगितल्याशिवाय हा गोंधळ उलगडायचा नाही, म्हणून ती आधी सांगायला हवी.

पूर्वी परकी भाषा तुकड्यातुकड्यांनी शिकवत. एका दिवशी व्याकरण, एका दिवशी संभाषण, मग लेखन, मग ऐकणं. तुकडे सगळे मिळत, पण ते सांधायचे कसे हे ज्याचं त्यानं बघायचं. वर्षानुवर्षं परीक्षा पास होणारी माणसं परदेशी विमानतळावर पाणी मागताना अडखळत. मग एकात्म वर्ग आले. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं आणि हातातलं काम, सगळं एकाच वेळी. सरांच्या वर्गात बाकं नव्हतीच. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी नि जेवणाचं टेबल, दुसऱ्यात इस्पितळाची खाट, तिसऱ्यात दुकानाचं काउंटर. कांदा चिरताना त्याची भाषा कांद्याबरोबर शिकायची, सुई टोचताना सुईची.

याला जोड मिळाली ती अनुनादपट्टीची. दोन माणसं बोलत असतात आणि एकाला दुसऱ्याचं नीट कळत असतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मेंदूतल्या लहरी बोलणाऱ्याच्या लहरींमागून चालू लागतात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. समज जितकी खोल, तितकी ही चाल जुळते. फारच जुळली तर ऐकणारा पुढचा शब्द यायच्या आधीच तिथे जाऊन थांबतो. पट्टीने एवढंच केलं की ही जुळणी दैवावर सोडली नाही. शिक्षकाने कपाळाला पट्टी बांधायची, विद्यार्थ्यांनीही बांधायची. शिक्षकाच्या मेंदूत जी लय उठेल तिचा ठसा पट्टी टिपणार आणि अगदी मंद चुंबकीय स्पंदनांनी तोच ठसा त्याच क्षणी विद्यार्थ्यांच्या मेंदूत उमटवणार. शब्द, त्याचा सूर, तो उच्चारताना मनात काय हललं, सगळं एकत्र. मांडीवरचं मूल आईकडून भाषा घेतं तसं.

पहिल्या दिवशी सर पट्टी हातात घेऊन उभे होते. सत्तरीकडे झुकलेले, किडकिडीत, कॉलर एका बाजूने वर आलेली. वर्गात सगळ्या नर्सच, आणि बायकांकडे बघून बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून ते खिडकीशी बोलत होते. "आपल्या गावात सतारी होतात. वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा आपोआप गुणगुणतात, त्यांना कुणी हात लावत नाही. तुम्ही तरफेच्या तारा. मी, म्हणजे, वरची तार. आता ती वरची तार कितपत बरी आहे हा प्रश्न आहेच."

सगळ्या हसल्या होत्या. दिलशाद म्हणाली होती, "सर, तार जुनी आहे खरी, पण गंजली नाही अजून."

एक अट मात्र होती. एका तुकडीला एकच शिक्षक. दुसऱ्याच्या लयीवर मेंदू नव्याने लावायचा तर आधीचं सगळं विरून जाऊ द्यावं लागे. नाहीतर दोन्ही सूर एकमेकांत घुसत आणि माणसाला कुठलीच भाषा धड बोलता येत नसे.

सरांनी जर्मन पुस्तकांतून उचललं होतं, आयुष्यात कधी तिकडे पाऊल ठेवलं नव्हतं. तरी त्यांचं जर्मन सुरेख होतं, आणि वर्ष संपताना मुलींचंही तसंच झालं. भाषेच्या परीक्षेत सगळ्या वरच्या श्रेणीत आल्या. मग मुलाखती झाल्या.

*

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा सरांच्या हातात फोन होता.

"त्सीग्लरबाईंचं उत्तर आलंय," ते खिडकीला म्हणाले. "त्या लिहितात, सर्व उमेदवार उत्कृष्ट आहेत. अशी भाषा आजवर ऐकली नव्हती. मात्र एकीचीही यायची इच्छा दिसत नाही, याचं आश्चर्य वाटतं."

"एकीचीही?" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे सगळ्याच?" दिलशाद उठून उभी राहिली. "अगं, तूपण? आणि तूपण?"

एकेक करून सगळ्यांनी कबूल केलं. एकीने पगार कमी चालेल म्हणून सांगितलं होतं. एकीने रजा नको म्हटलं होतं. तिसरीने तर आपली जागा त्सीग्लरबाईंच्या एखाद्या भाचीला द्यावी असं सुचवलं होतं.

"भाचीला!" दिलशाद कपाळावर हात मारत म्हणाली. "तुला ती भाची माहीत तरी आहे का?"

"नाही गं! पण तोंडातून तसंच आलं."

हसावं की रडावं कुणाला समजेना. दिलशादने पिशवीतून शंकरपाळ्यांचा डबा काढून सलोमीपुढे धरला. "घे." सलोमीने मूठभर उचलल्या. "थांब," दिलशाद म्हणाली आणि डबा मागे घेऊन तिने तेच जर्मनमध्ये विचारलं, "थोडं घेणार का?"

"नको गं, आत्ताच खाऊन आले," सलोमी जर्मनमध्ये म्हणाली. तिची एक मूठ शंकरपाळ्यांनी भरलेली होती.

दिलशादने त्या मुठीकडे बोट दाखवलं.

"आता उलटं करू," सलोमी म्हणाली. तिने डबा घेतला आणि दिलशादला जर्मनमध्ये वाढायला लागली. तिचं जर्मन एकदम मोकळं झालं. घ्या हो, अजून घ्या, लाजू नका, तब्येतीला चांगलं असतं, असं अस्खलित चालू झालं. आणि दिलशाद, जी घरात भावांच्या ताटातलं पळवते, ती खुर्चीत अंग चोरून नको नको म्हणत होती. अगदी कुणासारखी तरी.

सलोमीची नजर कोपऱ्यातल्या खाटेकडे गेली. मग टेबलापाशी एकट्या असलेल्या हाताच्या खुर्चीकडे. मग काउंटरसमोरच्या स्टुलाकडे.

"सर," ती हळूच म्हणाली, "वर्षभर या खाटेवर पेशंट म्हणून कोण झोपलं?"

सर खिडकीकडे वळले.

"आणि टेबलाशी पाहुणा कोण? दुकानात गिऱ्हाईक कोण?"

"मीच की. तुम्हीच मला म्हणायचात, 'सर, तुम्ही मोठे, तुम्ही बसा.'"

खरंच होतं. वडीलधाऱ्या माणसाला उभं ठेवून आपण खाटेवर पडायचं, किंवा त्याच्या हातून वाढून घ्यायचं, ही कल्पनाच वर्गातल्या एकीच्याही मनाला शिवली नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं, भूमिका आलटून पालटून कराव्यात. पण पुस्तक लिहिणाऱ्याला आठल्येसर कुठे माहीत होते? त्यामुळे प्रत्येक प्रसंगात देणाऱ्या त्या आणि घेणारे सर. वर्षभर, रोज, कपाळाला पट्टी बांधून एक अतिशय संकोची माणूस बायकांच्या हातून चहा, औषध, ब्रेड, उशी घेत होता. तोंडाने पाठ बरोबर म्हणत होता, "हो, आवडेल." आणि आत काय चालू होतं?

"सर, तेव्हा तुमच्या मनात काय असायचं?" सलोमीने विचारलं.

सर लालबुंद झाले. "काय असणार? यांना माझ्यामुळे किती त्रास, असंच. आणि कधी एकदा संपतंय."

तरफेच्या तारांना गाण्याचे बोल कळत नाहीत. त्यांना कंप कळतो.

*

उपाय करून बघायला हवा होता. सरांनी पट्टी बांधली. सगळ्यांनी बांधल्या. भिंतीवरच्या पडद्यावर सरांची लय निळ्या रेघेने दिसू लागली. ठरलं असं, की सरांनी जर्मनमध्ये शंकरपाळी स्वीकारायची, आणि खरोखर आनंदाने स्वीकारायची. कंप बदलला तर मुलींचाही बदलेल.

दिलशाद डबा घेऊन पुढे झाली. निळी रेघ सरळ चालली होती. डबा जवळ आला तशी ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली.

"सर, आनंदानं हो!"

"आनंदानंच घेतोय!" सर घाम पुसत म्हणाले.

"रेघ बघा की. कुणी मयताला आल्यासारखी दिसतीय."

पुन्हा केलं. डोळे मिटून केलं. सरांनी स्वतःला समजावलं, मोठा श्वास घेतला, एकदा तर चक्क दोन शंकरपाळ्या उचलल्या. रेघ पडतच राहिली. शेवटी त्यांनी पट्टी सोडून टेबलावर ठेवली. "मनाला खोटं सांगता येतं, हिला नाही," ते म्हणाले. "मला क्षमा करा. मी तुम्हाला भाषा द्यायला निघालो आणि काय देऊन बसलो."

त्यांनी त्सीग्लरबाईंना सविस्तर कळवलं. उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं. येत्या शुक्रवारी सर्वांशी पुन्हा बोलू. मात्र उमेदवाराने स्वतःची इच्छा स्वतः, जर्मनमध्ये सांगितली पाहिजे. दुसऱ्या कुणाचा शब्द धरता येणार नाही, कारण ज्याला यायचं नाही अशा माणसाला घरापासून इतकं दूर आणणं त्यांना योग्य वाटत नाही.

यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तोच तर पेच होता.

*

घरी इवाने आपले कपडे आईबरोबरच्या कपाटातून काढून आजीच्या ट्रंकेत नेऊन ठेवले होते. घड्या घालून, नीट. सलोमीने ते पाहिलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

"ते मी बोलले नाही गं राणी," तिने समजावलं. "ते सरांचं बोलणं होतं. माझ्या तोंडातून आलं इतकंच."

इवा ट्रंकेवर बसून राहिली. हे तिला कसं पटावं? सलोमीच्या आईलाही पटलं नव्हतं. "मनात मुळीच नसतं तर आलं असतं का गं तोंडातून?" भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "सर काय तुझ्या पोटात शिरून बसलेत?"

"तसंच काहीतरी झालंय, आई."

"मग इवाचं नाव कसं काढलं त्यांनी? त्यांना काय ठाऊक ती माझ्याकडे राहील म्हणून?"

हा प्रश्न सलोमीने स्वतःला विचारला नव्हता.

ती आरशापुढे जाऊन उभी राहिली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मला माझी मुलगी माझ्याजवळ हवी आहे." बाहेर आलं ते असं: "कुणाची गैरसोय होणार नसेल, तर मुलीचं बघता येईल." पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. आणि मग तिला एक चित्र आठवलं. त्या गावचा विचार करताना कधीकधी ती स्वतःला नदीकाठाने चालताना बघायची. थंडी, हातात कॉफी, डबा भरायचा नाही, वेणी घालायची नाही, कुणी पदर ओढत नाही. त्या चित्रात ती एकटी असायची. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, सरांना तर नाहीच.

संकोच सरांचा होता, हे नक्की. पण त्या संकोचाने नेमकं काय नाकारायचं, ते कुणी निवडलं? ती जितका विचार करी तितकं आपलं कुठे संपतं आणि सरांचं कुठे सुरू होतं ते दिसेनासं होई.

दाराशी कुणीतरी खाकरलं. आठल्येसर उभे होते, चपला काढाव्यात की नाही या विवंचनेत.

"आत या की सर."

"नको, मी इथूनच बोलतो. लोंढेबाई, एक विचारायचं होतं." ते दाराच्या चौकटीशी बोलू लागले. "माझं तुमच्यात गेलं, तसं तुमचं काही माझ्यात आलं असेल का? कारण काल दूधवाल्याला मी जर्मनमध्ये झापलं. त्याला कळलं नाही म्हणा. पण 'हात सरळ ठेवा, हलू नका,' असं काहीतरी म्हणालो मी. मला फार बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं."

सलोमीला हसू आलं. मग तिने मनातलं विचारलं. "सर, माझ्या तोंडून आलेलं 'नको' तुमचं होतं की माझं?"

सर चौकटीलाच म्हणाले, "मला माझंच सांगता येत नाही हो. मी 'नको' म्हणतो तेव्हा मला नकोच असतं असं नाही. हवंच असतं असंही नाही. आधी 'नको' येतं. मला काय हवंय ते मागाहून कळतं, आणि तेही कुणी पुन्हा विचारलं तर."

"दारात काय उभे राहिलात?" सलोमीची आई पदराला हात पुसत आली. "चहा टाकते."

"नको नको, मी निघालोच."

"घोटभर घ्या की."

"खरंच नको, आत्ताच घेऊन आलोय."

"लोंढ्यांच्या दारातून कुणी असं जात नाही. बसा बघू."

सर आत आले, बसले, दोन कप प्यायले. सलोमी बघत होती. त्यांच्या 'नको'मध्ये दार बंद करणारं काही नव्हतंच. तो फक्त एक उंबरठा होता, समोरच्याने हात धरून ओलांडून न्यायचा. मिरजेत प्रत्येकाला हे माहीत असतं. त्सीग्लरबाईंनी एकदाच विचारलं होतं, आणि सभ्यपणे दार लावून घेतलं होतं.

पण त्यांना तीनदा विचारा म्हणून सांगायचं कसं? तेही मागणंच होतं. आणि मागायला गेलं की जीभ 'नको'कडे वळत होती.

*

शुक्रवारी दिलशादचा नंबर आधी लागला. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू, असं काहीतरी विचित्र झालं होतं तिचं. "परत नको म्हणाले गं मी! पाय आपटत गेले होते, हो म्हणणार म्हणून. ती बाई माझ्याकडे बघून कशी गोड हसली, आणि मला वाटलं, कशाला हिला त्रास!"

इवा आजीच्या शेजारी पायरीवर होती, पाठ फिरवून. सर व्हरांड्याच्या खांबामागे जवळजवळ लपले होते. सलोमी आत गेली.

"पुन्हा भेटून बरं वाटलं," त्सीग्लरबाई म्हणाल्या. "तुमच्या शिक्षकांचं सगळं वाचलं. खरं सांगते, मला ते पूर्ण समजलं नाही. म्हणून सरळच विचारते. ही जागा आणि ते घर तुम्हाला हवं आहे का?"

सलोमीला ते 'नको' येताना जाणवलं. पोटातून निघालं, छातीत आलं, घशापाशी पोचलं. तिने ओठ घट्ट मिटले. त्सीग्लरबाई थांबल्या. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही, पण पेनाचं टोपण लावलं. आणि सलोमीच्या तोंडून, जर्मन नव्हे, आपला रोजचा, भाजीबाजारातला शब्द मोठ्याने बाहेर पडला.

"पाहिजे!"

"माफ करा?" त्सीग्लरबाई म्हणाल्या. "हे जर्मन नाही. मला हे उत्तर म्हणून धरता येणार नाही. याचा अर्थ काय?"

संपलं, असं सलोमीला वाटलं. पण तो प्रश्न ऐकताच तिच्यात काहीतरी ताठ झालं. एका परक्या माणसाने एका शब्दाचा अर्थ विचारला होता. तिची मान वर झाली, खांदे मागे गेले, आणि एक जुनी, खोल खुशी अंगातून सरसरत गेली. ती तिची नव्हती आणि तरी तिला पुरती ओळखीची होती. एरवी चहात साखर मागायला घाबरणारे सर, कुणी शब्दाचा अर्थ विचारला की असेच उजळायचे. तेवढ्यापुरतं खिडकी सोडून माणसाकडे बघायचे.

"सांगते," ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि घसा मोकळा होता. "आधी म्हणून बघा. पाहिजे."

"पाहि... जे," त्सीग्लरबाई नकळत म्हणाल्या.

"छान. आता अर्थ. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. देणारा पुन्हा विचारतो. पाहुणा पुन्हा नको म्हणतो. देणारा हात धरतो. हे सगळं होऊन गेल्यावर, किंवा हे सगळं करायला धीरच नसेल तेव्हा, जो शब्द येतो तो हा. लहान मूल दुकानात फरशीवर लोळून हाच म्हणतं. यात लाज नाही, आभार नाहीत, कारण नाही. तुमच्या भाषेतल्या 'मला हवं आहे'पेक्षा हा जरा उघडा आहे. उदाहरणं देऊ?"

"द्या," त्सीग्लरबाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"पहिलं. 'मला अतिदक्षता विभागातली जागा पाहिजे.' त्याचं जर्मन..." आणि तिने ते जर्मनमध्ये सांगितलं, स्वच्छ, कुठेही न अडखळता, कारण ती काही मागत नव्हती, ती शिकवत होती. "दुसरं. 'मला दोन खोल्यांचं घर पाहिजे.'" तेही सांगितलं.

तिसऱ्याला ती थांबली. नदीकाठची ती एकटी बाई डोळ्यांपुढे क्षणभर आली. तीही खोटी नव्हती. सलोमीने तिला घालवून दिलं नाही, फक्त तिच्या बाजूला थोडी जागा केली.

"तिसरं. 'मला माझी मुलगी माझ्याजवळ पाहिजे.'"

हे वाक्य जर्मनमध्ये सांगताना तिचा आवाज कापला. तो कुणाचा आवाज होता हे तिला कळलं नाही.

त्सीग्लरबाईंनी लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "उदाहरणं पुरेशी स्पष्ट आहेत. मी ती उत्तरं म्हणून नोंदवते. दोन माणसं." आणि जरा वेळाने, कुतूहलाने, "बाहेर बसलेल्या बाकीच्यांनाही हा शब्द येतो का?"

"त्यांना तर माझ्यापेक्षा चांगला येतो."

"मग सगळ्यांना परत पाठवा. मला आणखी उदाहरणं ऐकायची आहेत."

सलोमी बाहेर आली. सगळ्यांनी तिला घेरलं. तिने जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं.

"म्हणजे आता आपण मास्तरीण व्हायचं?" दिलशादने विचारलं. "पण आत बोललीस ती तू होतीस की सर?"

"मला तरी कुठे कळलं? तू जा तर खरी. आणि पगाराचं उदाहरण विसरू नकोस."

दिलशाद ओढणी सावरत आत पळाली. खांबामागून सरांनी डोकं काढलं. "मी काही केलं का?" त्यांनी भीतभीत विचारलं. "म्हणजे, चांगलं की वाईट?"

"केलंत, सर. कुठलं ते नंतर बघू."

त्यांचं समाधान झालं नाही. ते पुन्हा खांबामागे गेले.

सलोमी पायऱ्या उतरली. इवा तशीच पाठ फिरवून बसली होती. आजीने तिला कोपराने ढोसलं, तरी ती वळली नाही.

"इवा, येशील ना माझ्याबरोबर?"

"नको," इवा म्हणाली.

सलोमी तिच्याजवळ पायरीवर बसली आणि तिने पुन्हा विचारलं.